फोटोतला हट्टी ठिपका

गावात आता कॅमेऱ्याचे नवल राहिलेले नाही. लग्न असो, बारसे असो, जत्रा असो, फोटो काढणारा कोणीतरी असतोच. काही तरुणांनी तर हाच धंदा धरला आहे. चांगला मोठा कॅमेरा म्हणजे एका दुभत्या म्हशीची किंमत. पैसा पैसा जमवून, कधी कर्ज काढून तो घ्यावा लागतो.

आणि मग एके दिवशी फोटोत ठिपका दिसतो. नवरीच्या काळ्याभोर केसांत बारीकसा लाल ठिपका. दुसरा फोटो पाहावा, तर तिथेही तोच. तिसऱ्यातही तोच, आणि त्याच जागी! लेन्स पुसली, तरी ठिपका आहेच. लेन्स बदलली, तरी आहेच. कोणी सांगतो, "कॅमेरा गेला. आतला सेन्सर बदलावा लागेल. त्यापेक्षा नवाच घ्या." ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

थांबा. घाबरू नका. बहुतेक वेळा कॅमेरा गेलेला नसतो. त्याच्या पोटात कोट्यवधी खण असतात. त्यांतला एखादा खण बिघडलेला असतो. तो ओळखता येतो, आणि पुष्कळदा पैसा न खर्चता झाकताही येतो. मात्र त्यासाठी तो ठिपका कुठून येतो ते समजून घेतले पाहिजे. तेच आता पाहू या.

फिल्म गेली, सेन्सर आला

पूर्वी कॅमेऱ्यात फिल्म घालीत. फिल्मवर उजेड पडे आणि चित्र उमटे. प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा लागे. त्यामुळे फिल्मवर डाग पडला, तर तो त्या एकाच फोटोत राही.

आताच्या कॅमेऱ्यात फिल्म नसते. तिच्या जागी एक लहानशी चकचकीत चकती बसवलेली असते. तिला सेन्सर म्हणतात. ती सिलिकॉनची केलेली असते. हे सिलिकॉन वाळूतून काढतात. सेन्सर कधी बदलत नाही. पहिला फोटो आणि लाखावा फोटो त्याच सेन्सरवर उमटतो. म्हणून सेन्सरवरचा दोष प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसतो. ठिपक्याच्या हट्टीपणाचे खरे कारण हे.

उजेडाचे विजेत रूपांतर करून चित्र घेणारी अशी चकती १९६९ साली अमेरिकेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी शोधून काढली. या शोधासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियराने फिल्मवाचून चालणारा कॅमेरा तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोहून जास्त होते. एक फोटो टेपवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. त्याच्या सेन्सरवर एका ओळीत १०० असे १०० ओळींत मिळून १०,००० खण होते. आज साध्या मोठ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर एका ओळीत ६,००० खण, आणि अशा ४,००० ओळी असतात. गुणाकार करून पाहा. २ कोटी ४० लाख होतात! यालाच दुकानदार '२४ मेगापिक्सेल' म्हणतो. एका खणाला पिक्सेल म्हणतात.

उजेडाचे पाणी, सेन्सरचे वाफे

आता सेन्सरचे काम कसे चालते? शेतकऱ्याला हे समजायला जड नाही.

सेन्सर म्हणजे एक शेत समजा. त्यात २ कोटी ४० लाख वाफे पाडलेले आहेत. उजेड म्हणजे पाटाचे पाणी. आपण बटण दाबतो, तेव्हा कॅमेऱ्यातला पडदा क्षणभर उघडतो. म्हणजे दारे धरले. उजेड आत येतो आणि वाफ्यावाफ्यात भरतो. पडदा मिटला की दारे बंद. मग कॅमेरा प्रत्येक वाफ्यातले पाणी मोजतो. जिथे पाणी जास्त, तिथे चित्रात उजळ टिंब. जिथे पाणी कमी, तिथे काळसर टिंब. अशी २ कोटी ४० लाख टिंबे जवळजवळ मांडली की झाला फोटो.

खऱ्या सेन्सरात पाण्याऐवजी विजेचे कण साठतात. उजेड पडला की सिलिकॉनमधून हे कण सुटतात. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. उजेड नसला, तरी नुसत्या उष्णतेनेही थोडे कण सुटतातच. जमिनीला ओल सुटावी तसे हे आहे. चांगल्या वाफ्यात ही ओल इतकी थोडी असते की ती फोटोत दिसत नाही.

पण एखाद्या वाफ्याच्या तळाशी पाझर असला तर? पाणी न सोडताही तो भरेल. कॅमेऱ्याला काय ठाऊक? तो पाणी मोजतो आणि म्हणतो, "इथे उजेड पडला होता." म्हणून अंधारातही तिथे उजळ ठिपका उमटतो.

वाफे तीन तऱ्हेने बिघडतात.

पहिला, तापट खण. याला हॉट पिक्सेल म्हणतात. हा पाझरणारा वाफा. दिवसाच्या लख्ख उजेडात पडदा क्षणभरच उघडतो, तेव्हा हा सहसा दिसत नाही. रात्री पडदा दहा, वीस, तीस सेकंद उघडा ठेवला, की पाझराला वेळ मिळतो आणि ठिपका दिसू लागतो. कॅमेरा तापला, की तो अधिक उठून दिसतो.

दुसरा, अडकलेला खण. याला स्टक पिक्सेल म्हणतात. हा सदा तुडुंब. दिवस असो, रात्र असो, तो नेहमी उजळच दिसतो.

तिसरा, मेलेला खण. याला डेड पिक्सेल म्हणतात. याच्यात पाणी शिरतच नाही. तो नेहमी काळा. बारीक काळे टिंब पटकन डोळ्यात भरत नाही, म्हणून याचा त्रास कमी.

ठिपका लाल, हिरवा किंवा निळाच का असतो, असे कोणी विचारील. त्याचेही कारण आहे. सेन्सरच्या खणांना स्वतःला रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक खणावर एक रंगीत काच बसवल्यासारखी असते. निम्म्या खणांवर हिरवी, पाव खणांवर लाल, पाव खणांवर निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली, आणि १९७६ साली तिचे पेटंट मिळाले. बिघडलेला खण ज्या रंगाखाली असेल, त्या रंगाचा ठिपका दिसतो.

खण बिघडतो कशाने?

काही खण जन्मतःच खराब असतात. एवढ्या कोटींत सगळेच बिनखोट कसे निघतील? कारखान्यात ते तपासतात आणि त्यांची यादी कॅमेऱ्यात भरून ठेवतात. नवा कोरा कॅमेरासुद्धा अशी यादी घेऊनच दुकानात येतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

काही खण पुढे बिघडतात. आकाशातून सूक्ष्म, वेगवान कणांचा मारा पृथ्वीवर सतत होत असतो. त्यांना विश्वकिरण म्हणतात. असा एखादा कण सेन्सरवर आदळला, तर सिलिकॉनची घडी तिथे मोडते आणि पाझर सुरू होतो. यात फोटो काढणाराचा काही दोष नाही. कॅमेरा कपाटात ठेवला, तरीही हे घडू शकते.

उष्णता खण बिघडवतेच असे नाही, पण बिघडलेला खण उघडा पाडते. दर ६ ते ८ अंशांमागे हा पाझर साधारण दुप्पट होतो. हिशेब करून पाहा. हिवाळ्यात पहाटे सेन्सर १५ अंशांवर आहे. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी तोच ४५ अंशांवर गेला. म्हणजे ३० अंशांची वाढ. चार वेळा दुप्पट धरा. दोन, चार, आठ, सोळा. पाझर सोळा पट झाला! म्हणून माघात न दिसलेला ठिपका वैशाखातल्या लग्नात दिसतो.

आधी ठिपका कोणाचा ते ओळखा

प्रत्येक ठिपका सेन्सरच्या खणाचाच असतो असे नाही. औषध घेण्याआधी रोग ओळखावा लागतो. म्हणून अशी पारख करा.

फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर उघडा आणि मोठा करून सरकवा. ठिपका चित्राबरोबर सरकला, तर तो फोटोत आहे. चित्र सरकले आणि ठिपका जागचा हलला नाही, तर तो पाहण्याच्या काचेतला आहे. तुमचे फोटो स्वच्छ आहेत. उगाच काळजी नको.

ठिपका काळपट, धुरकट, कडा पुसट असलेला आहे का? निरभ्र आकाशाच्या किंवा पांढऱ्या भिंतीच्या फोटोत तो दिसतो का? मग ती सेन्सरवरची धूळ आहे. धूळ झाडता येते. खण बिघडलेला असेल, तर ठिपका टाचणीच्या टोकाएवढा, रेखीव आणि उजळ असतो.

ठिपका दर फोटोत जागा बदलतो का? मग तो खणाचा नव्हे. उजेडासमोर फोटो काढताना लेन्समध्ये तिरीप चमकते, किंवा हवेतली धूळ फ्लॅशने उजळते. त्यांचे ते ठिपके.

अंधाराची परीक्षा

आता पक्की परीक्षा सांगतो. पाटाचे पाणी बंद करा, आणि कोणता वाफा आपोआप भरतो ते पाहा. इतकेच करायचे आहे.

१. लेन्सवर झाकण घाला. डोळा लावायच्या जागेवरही काळे फडके धरा. तिथूनही उजेड आत शिरू शकतो.

२. वरची चकती 'एम' या अक्षरावर आणा. लेन्सचे फोकस हाताने करण्याच्या खुणेवर ठेवा. नाहीतर अंधारात काही कॅमेरे बटण दाबू देत नाहीत.

३. आयएसओ १०० ठेवा. पडद्याची वेळ सेकंदाचा साठावा भाग ठेवा. एक फोटो काढा. या फोटोत ठिपका दिसला, तर तो अडकलेला खण होय.

४. मग आयएसओ १६०० आणि वेळ १० सेकंद ठेवून दुसरा फोटो काढा. यात जे जास्तीचे ठिपके दिसतील, ते तापट खण.

५. दोन्ही फोटो मोठे करून, डावीकडून उजवीकडे, वरून खाली सावकाश पाहा.

दुसऱ्या फोटोत बरेच ठिपके दिसले, तर धसका घेऊ नका. चांगल्या कॅमेऱ्यातही रात्रीच्या लांब फोटोत काही ठिपके निघतातच. पहिल्या फोटोकडे अधिक लक्ष द्या. दिवसाच्या कामाला त्रास देतात ते तिथलेच.

उपाय चार

पहिला उपाय कॅमेऱ्यातच असतो. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या यादीत 'पिक्सेल मॅपिंग' किंवा 'पिक्सेल रिफ्रेश' असे नाव सापडते. ते निवडले, की कॅमेरा स्वतःच अंधाराची परीक्षा घेतो आणि खराब खणांची नवी यादी लिहून ठेवतो. पुढे फोटो काढताना तो त्या खणाचे ऐकत नाही. शेजारच्या चांगल्या खणांत किती उजेड आहे ते पाहतो आणि त्यावरून मधली जागा भरतो. एका वाफ्याचे माप चुकले, तर शेजारच्या वाफ्यांवरून अंदाज बांधावा, तसे हे. दोन कोटींत एका टिंबाचा अंदाज केला, तर कोणाच्या डोळ्याला कळणार?

हे करताना बॅटरी भरलेली असावी. कॅमेरा नुकताच खूप वापरून तापला असेल, तर आधी निवू द्यावा. काम चालू असता कॅमेरा बंद करू नये. काही कॅमेरे हे काम मधूनमधून आपले आपणच करतात. आपल्या कॅमेऱ्याची रीत कोणती, ते त्याच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिका आता वाचता येते, तर ती जरूर वाचा!

दुसरा उपाय रात्रीच्या फोटोंसाठी. यादीत 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' असे लांबलचक नाव असते. ते चालू केले, की कॅमेरा आधी तुमचा फोटो काढतो. मग पडदा मिटून तेवढाच वेळ अंधाराचा फोटो काढतो. पहिल्यातून दुसरा वजा करतो. पाझराचे पाणी वजा झाले, की पाटाचे तेवढे उरते. मात्र ३० सेकंदांच्या फोटोला आणखी ३० सेकंद थांबावे लागते. फटाक्यांचे किंवा पालखीच्या दिव्यांचे फोटो भराभर काढायचे असतील, तेव्हा हे बंद ठेवावे. अंधाराची परीक्षा घेतानाही ते बंदच असावे, नाहीतर दोष झाकला जाईल.

तिसरा उपाय काढून झालेल्या फोटोंसाठी. संगणकावर किंवा मोबाइलवर फोटो दुरुस्त करण्याची साधने असतात. त्यांतल्या डाग पुसण्याच्या खुणेने ठिपक्यावर एकदा टिचकी मारली, की शेजारचा रंग तिथे भरला जातो. ठिपके दोन-चार असतील, तर हे काम क्षणाचे आहे. म्हणून ठिपका सापडला तरी लग्नाचे फोटो वाया गेले असे समजू नये.

चौथा उपाय कंपनीच्या दुरुस्ती केंद्राचा. कॅमेऱ्यात वरची सोय नसेल, तर केंद्रात खराब खणांची यादी नव्याने भरून देतात. कॅमेरा हमीच्या मुदतीत असेल, तर आधी तिथेच जावे. तिथे "सेन्सर बदला" असे म्हणू नका. "खराब पिक्सेलांचे मॅपिंग करून द्या," असे म्हणा. या दोन कामांच्या खर्चात जमीनअस्मानाचा फरक आहे. नेमका शब्द माहीत असला, की माणूस फसत नाही.

आकाशातल्या कॅमेऱ्यालाही हेच दुखणे

हे दुखणे फक्त आपल्या गावातल्या कॅमेऱ्याला आहे असे समजू नका. १९९० साली अमेरिकेने आकाशात हबल नावाची मोठी दुर्बीण सोडली. ती पृथ्वीपासून सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर फिरते. २००९ साली अंतराळवीरांनी तिथे जाऊन तिच्यात एक नवा कॅमेरा बसवला. तिथे हवेचे पांघरूण नाही. विश्वकिरणांचा मारा फार. त्यामुळे त्याच्या सेन्सरमध्ये नवे नवे तापट खण सारखे तयार होतात.

शास्त्रज्ञांनी दोन युक्त्या केल्या. पाझर कमी व्हावा म्हणून सेन्सर शून्याखाली ८३ अंश इतका थंड ठेवला. आणि दर महिन्याला एकदा ते त्याला गरम करून सुमारे २० अंशांवर आणतात, काही वेळ तसाच ठेवतात, आणि पुन्हा थंड करतात. लोहार लोखंड तापवून सावकाश निववतो, त्याच जातीचा हा उपाय आहे. त्याने पुष्कळ खण सुधारतात. सगळे मात्र सुधारत नाहीत.

हे वाचून कोणी आपला कॅमेरा उन्हात ठेवू नका बरे! हबलचा सेन्सर मुळात बर्फाहून किती तरी थंड असतो. आपला कॅमेरा तर नेहमीच २०-३० अंशांवर असतो. त्याला उन्हात तापवले, तर खण सुधारणार नाही. उलट आतले बाकीचे भाग मात्र बिघडतील.

काय करू नये

सेन्सरला बोट, टोपी, धोतराचा सोगा किंवा कापूस लावू नका. खणाचा दोष सिलिकॉनच्या आत असतो. तो पुसून जात नाही. वरची काच मात्र ओरखडते.

कॅमेरा बंद गाडीत किंवा पत्र्याखाली तापत ठेवू नका. कामाच्या मध्ये थोडा वेळ बंद करून सावलीत ठेवा.

वरातीत, मिरवणुकीत लेसरचे झोत सोडतात. त्यांच्यासमोर कॅमेरा धरू नका. लेसरचा झोत थेट लेन्समध्ये शिरला, तर एका क्षणात सेन्सर जळतो. मग एक खण नव्हे, चित्रभर उभी-आडवी रेघ उमटते. ते नुकसान यादी भरून झाकले जात नाही. आणि ध्यानात ठेवा, असा झोत माणसाच्या डोळ्यालाही तितकाच घातक आहे. कॅमेरा नवा आणता येतो. डोळा आणता येत नाही.

जुना कॅमेरा घेताना

आपल्यापैकी पुष्कळ जण पहिला कॅमेरा जुनाच घेतात. त्यात गैर काही नाही. पण बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. मग हजारो रुपये मोजताना कॅमेऱ्याची परीक्षा का घेऊ नये? पैसे देण्याआधी झाकण लावून वरचे दोन फोटो काढा. विकणारा ते काढू देत नसेल, तर तिथून उठावे हे बरे. एक-दोन ठिपके निघाले, तर सौदा मोडण्याचे कारण नाही. मॅपिंग करून पाहा. ठिपके गेले, तर कॅमेरा घ्यायला हरकत नाही. फार तर किंमत थोडी कमी करून मागा. पण रेघा दिसल्या, किंवा छोट्या वेळेच्या फोटोतही ठिपक्यांचा सडा दिसला, तर असा कॅमेरा घेऊ नका.

आणि ज्याला कॅमेरा विकायचा आहे, त्यानेही ठिपका लपवू नये. आहे तसे सांगावे. गावात धंदा करायचा, तर कॅमेऱ्याआधी शब्द चांगला लागतो.

एवढे ध्यानात ठेवा

प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसणारा उजळ, रेखीव ठिपका म्हणजे एक बिघडलेला खण. तो झाकण लावून ओळखावा. कॅमेऱ्यातल्या सोयीने झाकावा. ती सोय नसेल, तर केंद्रात जाऊन मॅपिंग मागावे. रेघ उमटली, तर मात्र जाणत्या कारागिराला दाखवावे.

ज्याला कारण ठाऊक नाही, तो ठिपका पाहून घाबरतो आणि कोणी सांगेल तितके पैसे देतो. ज्याला कारण ठाऊक आहे, तो आधी झाकण लावतो, एक फोटो काढतो, आणि मग बोलतो.